पडदा, सत्ता आणि १९७५

राजकारण तापले की चित्रपट पाहणाऱ्यांकडे काहीशा संशयाने पाहिले जाते. ‘देश कुठे चालला आहे, आणि तुम्ही सिनेमे कसले पाहता?’ हा प्रश्न आम्हांलाही ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण चित्रपटाची ताकद त्यांच्यापेक्षा सत्ताधाऱ्यांनाच अधिक नेमकी कळलेली असते, असे आणीबाणीचा इतिहास पाहता आम्हांला वाटते.

६ फेब्रुवारी १९७७चा रविवार घ्या. निवडणूक जाहीर झालेली, जगजीवनराम चारच दिवसांपूर्वी काँग्रेसमधून बाहेर पडलेले, आणि दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांची व जयप्रकाशांची सभा. त्या संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला. लोकांनी घरी बसावे हा हेतू लपण्यासारखा नव्हता. लोक मैदानावर गेलेच. (‘बॉबी’ १९७३चा, अनेकांचा तो पाहून झालेला असणार.)

चित्रपट गुंगीचे औषध म्हणून वापरला जातो, हे मान्यच. पण तो तेवढाच असता, तर ‘किस्सा कुर्सी का’ची धास्ती कुणी कशाला घेतली असती? दिग्दर्शक अमृत नाहटा स्वतः काँग्रेसचे खासदार. १९७५ साली त्यांचा चित्रपट सेन्सॉरकडे गेला, सरकारने ताब्यात घेतला, आणि पुढे त्याच्या प्रती व निगेटिव्ह नाहीशा झाल्या. गुडगावच्या मारुती कारखान्यात त्या जाळल्याचा खटला चालला. १९७९मध्ये संजय गांधी व विद्याचरण शुक्ल खालच्या न्यायालयात दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्यांना निर्दोष सोडले. नाहटांनी नव्याने केलेला चित्रपट बराच ढोबळ आहे, हेही सांगितले पाहिजे. पण त्यातली ‘जनता’ मुकी आहे.

मराठीतला ‘सामना’ याहून खोल जातो. आणीबाणी पुकारली गेली त्याच आठवड्यात बर्लिनचा महोत्सव सुरू झाला, आणि जब्बार पटेलांचा हा चित्रपट तिथे स्पर्धेत होता. तेंडुलकरांनी साखर कारखान्याच्या हिंदूरावाला निव्वळ खलनायक ठरवून हातावेगळे केलेले नाही. निळू फुल्यांचा हिंदूराव लोभस आहे, दिलदार आहे. भाषणे आणि अग्रलेख आपल्याला सत्तेच्या विरोधात उभे करतात. हा चित्रपट आधी तिच्या ओसरीवर बसवतो. त्यामुळे डॉ. लागूंचा दारुडा मास्तर जेव्हा नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करू लागतो, तेव्हा इतका वेळ हिंदूरावाचा पाहुणचार घेत बसलेले आम्हीही चपापतो.