पेटीतील इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या दृष्टीपुढे ताम्रपट, सनदा व बखरी उभ्या राहतात. पेटीतील जुने लुगडे कोणास आठवत नाही. वास्तविक इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर या पेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपल्या बीडलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदरी जात असे. ते विणणारांचे नाव मात्र त्यात नाही.

वस्त्रांची पारख आता विद्यापीठांतून शिकवितात. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात वस्त्रशास्त्र हा विषय आहे. तेथे शिकणारी आपल्या ज्ञातीतील एक कन्या गतवर्षी मजकडे आली व म्हणाली, “गुरुजी, घरातील जुनी पैठणी दाखवा.” मी मान खाली घातली. आईच्या पश्चात, १९८४ साली, ती मी एका फेरीवाल्यास जरीच्या मोलाने देऊन टाकली होती. जुनी जर रुप्याच्या तारेची, वर सोन्याचा मुलामा; कापड जाळून रुपे काढून घेत. पदराचा वीतभर तुकडा तेवढा देवघरात राहिला होता.

मुलीने भिंग लावून रेशमाच्या तारा मोजल्या, तुकडा उलटून पाहिला. नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा निराळ्या कांडीने, हाताने गुंतवितात. म्हणून पैठणी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखीच दिसते. तीस वर्षे इतिहास शिकवूनही मला हे ठाऊक नव्हते! मग तिने विचारले, “ही कोणी विणली? कोठून घेतली? काय किंमत पडली?”

आईला हे सारे ठाऊक होते. मी तिला कधी विचारले नाही.