रूबी मायर्स : पुण्यात जन्मलेली पहिली ‘सुलोचना’

मराठी रसिकांसमोर ‘सुलोचना’ हे नाव उच्चारले, की डोक्यावर पदर घेतलेली, सोशिक, वत्सल आईच डोळ्यांसमोर येते. सुलोचना लाटकर अर्थात सुलोचनादीदी यांचे २०२३ मध्ये निधन झाले, तेव्हा एक युग संपल्याची भावना व्यक्त झाली. परंतु त्यांच्या कितीतरी आधी याच नावाने एक अभिनेत्री मूकपटांच्या पडद्यावर राज्य करीत होती. पदर घेणारी आई नव्हे, तर टंकलेखन करणारी, वेषांतर करणारी, पुरुषांना हुलकावणी देणारी नायिका. तिचे मूळ नाव रूबी मायर्स. जन्म १९०७, पुणे.

रूबी मायर्स बगदादी ज्यू घराण्यातल्या. पुण्याच्या लष्कर भागातील ‘लाल देऊळ’ हे सिनेगॉग डेव्हिड ससून यांच्या पुढाकाराने उभे राहिले, तोच हा समाज. कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींपेक्षा तो वेगळा. बगदादी मंडळींच्या घरात अरबी आणि पुढे इंग्रजी बोलली जाई. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण रूबीबाईंच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पेच भाषेनेच निर्माण केला.

त्यांचा प्रवेश समजण्यासाठी त्या काळचा चित्रपटव्यवसाय पाहावा लागतो. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती मिळेना, अखेर अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण प्रतिष्ठित घरांची दारे त्यामुळे उघडली नाहीत. नायिकांची ही उणीव पुढे मोठ्या प्रमाणात ज्यू आणि अँग्लो-इंडियन तरुणींनी भरून काढली. रेनी स्मिथ ‘सीतादेवी’ झाल्या; रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या. अमेरिकेत याच सुमारास नेमके उलटे चित्र होते. इव्हलिन प्रीअर या गुणी कृष्णवर्णीय अभिनेत्रीला नायिकेची भूमिका मिळाली ती ऑस्कर मिशॉ यांच्यासारख्या कृष्णवर्णीय निर्मात्याच्या स्वतंत्र चित्रपटांत. तिथे अल्पसंख्य समाजाच्या स्त्रीला नायिकेचे स्थान नाकारले जात होते. इथे ते तिलाच मिळत होते, मात्र स्वतःचे नाव बाजूला ठेवून.

रूबीबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला. भवनानी हटले नाहीत. अभिनयाचे कोणतेही शिक्षण नसताना ‘वीरबाला’पासून (१९२५) त्यांची कारकीर्द सुरू झाली आणि ‘टायपिस्ट गर्ल’ने (१९२६) त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. नोकरी करणारी शहरी मुलगी ही त्या वेळच्या प्रेक्षकांसाठी नवलाची गोष्ट. ती पडद्यावर साकारणारी नटी मात्र ते आयुष्य स्वतः जगलेली होती. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये (१९२७) त्यांनी आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, केळी विकणारी म्हातारीही होती. हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही, ही हळहळण्याजोगी गोष्ट. आपल्याकडच्या तेराशेहून अधिक मूकपटांपैकी मूठभरच शिल्लक आहेत.

पुढे त्या अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत गेल्या. लाहोरची एक कंपनी सीतादेवींना घेऊन अनारकलीची कथा चित्रित करीत असताना इम्पीरियलने घाईघाईने सुलोचनांची ‘अनारकली’ (१९२८) आधी पडद्यावर आणून बाजी मारली. त्यांचे मासिक वेतन पाच हजार रुपये असल्याचे आणि ते मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त असल्याचे सांगितले जाते. हिशेब जुळत नाही. गव्हर्नराचा पगार याहून बराच अधिक असे. पण लोकांना ही तुलना खरी वाटत होती, यातच लोकप्रियतेचे मोजमाप आले.

१४ मार्च १९३१ रोजी इम्पीरियलचाच ‘आलम आरा’ झळकला आणि चित्रपट बोलू लागला. कंपनीची सर्वांत मोठी तारका सुलोचना, पण नायिका झाल्या जुबेदा. मूकपटात चेहरा पुरत होता; आता हिंदुस्थानी उच्चार हवे होते. ही अडचण त्यांच्या एकट्यांची नव्हती. नायक मास्टर विठ्ठल यांच्याही वाट्याला संवाद कमीच ठेवावे लागले. मूकपटांतले अनेक तारे या वळणावर कायमचे मावळले. सुलोचनांनी मात्र सुमारे वर्षभर थांबून भाषेवर मेहनत घेतली आणि १९३२ मध्ये आपल्याच गाजलेल्या ‘माधुरी’च्या बोलपटातून पुनरागमन केले. ‘इंदिरा बी.ए.’ची ‘इंदिरा एम.ए.’ (१९३४) झाली, ‘अनारकली’ १९३५ मध्ये पुन्हा आली, ‘वाइल्डकॅट’ची ‘बम्बई की बिल्ली’ (१९३६) झाली. या काळात डी. बिलिमोरिया यांच्याबरोबरची त्यांची जोडी गाजली. त्यांनी ‘रूबी पिक्स’ ही स्वतःची संस्थाही काढली. तिच्या नावात तरी मूळचे ‘रूबी’ परत आले.

जुन्या यशाची पुनरावृत्ती फार काळ चालत नाही. शिवाय शुद्ध उच्चाराच्या, स्वतः गाणाऱ्या तरुण अभिनेत्री येऊ लागल्या होत्या. तीसचे दशक संपता संपता नायिकापद गेले आणि चरित्र भूमिका सुरू झाल्या. १९५३ च्या ‘अनारकली’त बीना रॉय नायिका होत्या आणि सुलोचना सलीमची आई. एकच कथा त्यांनी तीनदा केली : मूकपटात, बोलपटात आणि अखेर आईच्या वेषात.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा हा सन्मान. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.