गोम्ब्रोविचची चोवीस वर्षं

आयटीत 'शॉर्ट टर्म ऑनसाइट' नावाचा एक प्रकार असतो. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, आणि मग बघता बघता सात-आठ वर्षं! पण या प्रकारातला माझा हीरो आयटीवाला नाही. तो आहे वितोल्द गोम्ब्रोविच, पोलिश कादंबरीकार आणि नाटककार.

जन्म १९०४चा, घर जमीनदाराचं. वॉर्सात कायदा शिकला, पण वकिलीत मन काही रमलं नाही. १९३७ साली त्याची 'फेर्दिदुर्के' ही कादंबरी आली. तिशीतला एक माणूस. एक दिवस एक प्रोफेसर घरी येतो आणि त्याला चक्क शाळकरी पोरगा ठरवून वर्गात नेऊन बसवतो. गंमत म्हणजे कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. लोक आपल्याला एक चेहरा चिकटवतात आणि आपण तो मुकाट्याने वागवतो, ही गोम्ब्रोविचची आयुष्यभराची थीम. अप्रेझलमध्ये एखादं लेबल लागलेल्या कुणालाही हे पटावं.

पुढच्याच वर्षी 'इव्होना' हे नाटक छापून आलं. नाव होऊ लागलं होतं. अशात जुलै १९३९मध्ये 'ख्रोब्री' या नव्याकोऱ्या जहाजाच्या पहिल्या सफरीवर तो निघाला. ऑगस्टमध्ये ब्युनोस आयर्सला पोचला. युद्धाची चिन्हं दिसू लागली, जहाज परतीला लागलं, आणि हा गडी काठावरच राहिला! १ सप्टेंबरला हिटलरने पोलंडवर हल्ला केला. (ते जहाजही पुढे मे १९४०मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात नॉर्वेजवळ बुडालं.)

वय ३५. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही, ओळख शून्य. पुढची काही वर्षं अक्षरशः हलाखीत गेली. 'रेक्स' नावाच्या कॅफेत बुद्धिबळ खेळायचा. तिथल्याच दोस्तांना धरून त्याने 'फेर्दिदुर्के' स्पॅनिशमध्ये आणली. त्याने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मसुदा करायचा आणि त्यांनी, पोलिशचा गंधही नसताना, वाद घालत तो दुरुस्त करायचा. क्यूबाचा लेखक व्हर्जिलिओ पिन्येरा या कंपूचा प्रमुख. पुस्तक १९४७मध्ये आलं, फारशी कुणी दखल घेतली नाही.

मग त्याने तिथल्या पोलिश बँकेत कारकुनी धरली, १९४७ ते १९५५. 'ट्रान्स-अटलांटिक' ही कादंबरी त्याने बँकेच्या वेळात लिहिली. (मॅनेजर लोकांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) देश युद्धात असताना परदेशात राहून गेलेल्या माणसाची ही गोष्ट. स्वतःवरच्या आरोपाची त्याने सफाई दिली नाही, उलट त्याचीच थट्टा केली. परदेशातले पोलिश लोक भडकले नसते तरच नवल.

तो पळपुटा होता का? मला तसं वाटत नाही. देशाने चिकटवलेला चेहरा त्याने नाकारला, पण भाषा सोडली नाही. भोवती वाचणारं जवळपास कुणी नसताना तो पोलिशमध्येच पुस्तकं लिहीत राहिला. १९५३पासून त्याची डायरी पॅरिसजवळून निघणाऱ्या 'कुलतुरा' या पोलिश मासिकात येऊ लागली. १९५७मध्ये पोलंडमध्ये वारं थोडं फिरलं, पुस्तकं छापली गेली, वॉर्सात 'इव्होना' रंगमंचावर आलं. १९५८मध्ये पुन्हा बंदी.

१९६३मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीवर तो बर्लिनला गेला. अर्जेंटिना सुटलं ते कायमचंच. पुढे फ्रान्समधलं वाँस गाव, जोडीला दम्याचा त्रास. १९६७मध्ये 'कॉसमॉस' या कादंबरीला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, १९६८मध्ये रीताशी लग्न झालं, आणि जुलै १९६९मध्ये तो गेला. पोलंडला परत जाणं झालंच नाही.

असो. वाचायचं असेल तर 'फेर्दिदुर्के'पासून सुरुवात करा, पण २०००चं इंग्रजी भाषांतर घ्या. ते थेट पोलिशवरून केलेलं आहे. त्याआधीचं होतं भाषांतराचं भाषांतर. इतकी वर्षं पोलिश धरून बसलेल्या माणसाच्या बाबतीत एवढं तरी आपण बघायला हवं, नाही का?