वारंवार येणारी मूर्च्छा आणि कार्डिओन्यूरोॲब्लेशन : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

प्रार्थनेच्या रांगेत बराच वेळ उभा असलेला विद्यार्थी अचानक पांढराफटक पडतो, त्याला दरदरून घाम फुटतो आणि तो कोसळतो. आडवा होताच मिनिटभरात तो डोळे उघडतो. भोवळ, घेरी, चक्कर अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला वैद्यकशास्त्रात ‘व्हॅसोव्हेगल मूर्च्छा’ असे म्हणतात. आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी घडणारी ही घटना सहसा निरुपद्रवी असते. परंतु काही व्यक्तींमध्ये ती पूर्वसूचनेशिवाय वारंवार घडते. हाडे मोडतात, वाहन चालवणे सुटते, नोकरी धोक्यात येते. अशा रुग्णांसाठी २००५ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथून एक उपचार पुढे आला. हृदयाच्या अलिंदांलगतच्या चेतापेशी कॅथेटरच्या टोकाने जाळणे, असे त्याचे स्वरूप असून त्यास कार्डिओन्यूरोॲब्लेशन असे नाव देण्यात आले. उपचार नवा असला तरी त्यापुढील प्रश्न जुना आहे. मूर्च्छेत हृदय थांबते म्हणून रक्तदाब कोसळतो, की रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून? या प्रश्नाच्या वाटचालीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ॲट्रोपिनचा पुरावा

मेंदूतून निघून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता उत्तेजित केल्यास हृदय मंदावते व थांबते, हे जर्मनीतील वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवून दिले. एखादी चेता अवयवाला चालना देण्याऐवजी त्याला रोखते, ही कल्पना त्या काळी अनपेक्षित होती. पुढे १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयांवरील प्रयोगातून व्हेगसचा हा प्रभाव एका रासायनिक द्रव्यामार्फत घडतो हे सिद्ध केले. त्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले. मूर्च्छेच्या वेळी नाडी मंदावते हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होतेच; तेव्हा दोष व्हेगसचा, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते.

या निष्कर्षाला पहिला गंभीर धक्का लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये दिला. व्हेगसचा प्रभाव रोखणारे ॲट्रोपिन त्यांनी मूर्च्छित व्यक्तीस दिले. नाडी वेगाने धावू लागली. रक्तदाब मात्र खालीच राहिला. याचाच अर्थ असा की, हृदयाचे मंदावणे हा मूर्च्छेचा एक भाग होता, संपूर्ण मूर्च्छा नव्हे. ‘व्हॅसोव्हेगल’ या संज्ञेत रक्तवाहिनीचा निर्देश आधी येतो, व्हेगसचा नंतर. विल्यम गॉवर्स यांनी १९०७ मध्ये वापरलेल्या या शब्दाला आजचा अर्थ लुईस यांच्यामुळे लाभला. महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, बारक्रॉफ्ट, एडहोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे रक्त काढून मूर्च्छा घडवून आणली व रक्तदाब कोसळत असतानाच हाताच्या स्नायूंतील रक्तप्रवाह वाढतो, म्हणजेच तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, हे मोजून दाखवले. लुईस यांच्या निरीक्षणाला यामुळे भक्कम आधार मिळाला.

तरीही पुढील अर्धशतकात उपचाराचा रोख हृदयावरच राहिला. याचे एक कारण साधे आहे. हृदयाचा ठोका चुकला की तो आलेखावर सरळ रेषेच्या रूपाने दिसतो. सैलावलेली रक्तवाहिनी अशी दिसत नाही. जे दिसते त्यावर इलाज करण्याकडे वैद्यकाचा कल असतो, आणि या कलाला तंत्रज्ञानाने बळ दिले. १९८६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील केनी, सटन व सहकाऱ्यांनी तिरप्या मेजावर रुग्णाला साठ मिनिटे ठेवण्याची ‘टिल्ट’ चाचणी मांडली. कारण न सापडलेल्या १५ रुग्णांपैकी १० जणांना मेजावर व्हॅसोव्हेगल प्रतिक्रिया आली, तर १० निरोगी व्यक्तींपैकी केवळ एकास. मूर्च्छा आता प्रयोगशाळेत, आलेखाच्या साक्षीने घडवता येऊ लागली.

पेसमेकरचे दोन निकाल

थांबणाऱ्या हृदयाला पेसमेकर बसवावा, हा विचार ओघानेच आला. कॅनडातील कॉनॉली, शेल्डन प्रभृतींच्या १९९९ मधील चाचणीत ५४ रुग्ण होते. पेसमेकर बसवलेल्या २७ पैकी ६ जणांना, तर न बसवलेल्या २७ पैकी १९ जणांना पुन्हा मूर्च्छा आली. निकाल इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. मात्र कोणाला यंत्र बसवले आहे हे रुग्णांना ठाऊक होते. म्हणून याच संशोधकांनी दुसरी चाचणी घेतली. तीत १०० रुग्णांना पेसमेकर बसवून निम्म्यांचा चालू व निम्म्यांचा बंद ठेवण्यात आला, आणि कोणाचा चालू आहे हे रुग्णांपासून लपवण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सहा महिन्यांत यंत्र बंद असलेल्या ४२ टक्के, तर चालू असलेल्या ३३ टक्के रुग्णांना मूर्च्छा आली. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध होत नाही. आपल्या आधीच्या यशाची अशी कठोर फेरतपासणी करणाऱ्या संशोधकांचा प्रामाणिकपणा येथे नोंदवला पाहिजे. लुईस यांनी एका औषधाने जे दाखवले होते, ते शंभर शस्त्रक्रियांनंतर पुन्हा प्रत्ययास आले.

पेसमेकर सर्वस्वी निरुपयोगी ठरला असे मात्र नव्हे. त्वचेखालील नोंदणीयंत्राने ज्यांचे हृदय प्रत्यक्ष थांबल्याचे टिपले होते, अशा चाळिशीपुढील निवडक रुग्णांमध्ये २०१२ च्या एका अंध चाचणीने त्याचा लाभ दाखवला. दोन वर्षांत मूर्च्छेचे प्रमाण ५७ वरून २५ टक्क्यांवर आले. पण विशी-तिशीतील रुग्णाचे काय? एरवी निरोगी असलेल्या तरुणाला आयुष्यभर यंत्र बाळगण्यास आणि ते ठरावीक वर्षांनी बदलण्यास सांगणे जड जाते.

चेतापेशींवरील उपचार

साओ पावलोच्या होजे कार्लोस पाचोन यांची कल्पना शरीररचनेतील एका विषमतेवर उभी आहे. व्हेगसचे तंतू हृदयापर्यंत येतात आणि अलिंदांलगतच्या मेदपुंजांमधील गुच्छिकांत दुसऱ्या चेतापेशींशी जोडले जातात. म्हणजे हृदयावर अंतिम हुकूम बजावणाऱ्या व्हेगस-पेशींचे देह तेथेच असतात. हृदयाला वेग देणाऱ्या अनुकंपी चेतांच्या पेशी मात्र पाठीच्या कण्यालगत, हृदयापासून दूर असतात. तेव्हा अलिंदातून उष्णता दिल्यास व्हेगसच्या पेशी मरतात, तर अनुकंपी चेतांचे केवळ तंतू तुटतात व ते पुन्हा वाढू शकतात. पेसमेकर थांबलेल्या हृदयाला ठोका देतो. येथे थांबण्याचा हुकूम पोहोचवणारा दूतच काढून टाकला जातो. २००५ च्या पहिल्या वृत्तांतात २१ रुग्ण होते. २०११ मध्ये ४३ रुग्णांचा सरासरी ४५ महिन्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. केवळ तिघांना पुन्हा मूर्च्छा आली होती.

अशी यादृच्छिक वाटणीची चाचणी वॉर्सा येथे पिओत्रोव्स्की, कुलाकोव्स्की व सहकाऱ्यांनी केली. २०२३ मधील त्यांच्या निष्कर्षांनुसार ४८ रुग्णांपैकी उपचार घेतलेल्या २४ जणांत दोघांना, तर न घेतलेल्या २४ जणांत १३ जणांना दोन वर्षांत मूर्च्छा आली. येथे रुग्णांची निवड काटेकोर होती. ज्यांचे हृदय खरोखर थांबत होते व ॲट्रोपिनने ज्यांची नाडी वाढत होती, असेच रुग्ण घेतले गेले. लुईस यांचे औषध नव्वद वर्षांनी निवडीचा निकष बनून परतले होते. परंतु हे आकडे १९९९ च्या आकड्यांची आठवण करून देतात. येथेही आपल्यावर उपचार झाला की नाही, हे रुग्णांना ठाऊक होते. पेसमेकर शरीरात ठेवून बंद करता येतो. जाळलेली चेतापेशी तशी चालू-बंद करता येत नाही. अंध तुलनेसाठी नियंत्रण गटातील रुग्णाच्या हृदयात कॅथेटर नेऊन काहीही न जाळता तो परत काढावा लागेल, आणि ज्याचा आजार सहसा प्राणघातक नाही अशा तरुणाकडे त्यासाठी संमती मागावी लागेल.