लाट आणि ओहोटी : अमेरिकेतील दोन निवडणुका

'मध्यावधी' हा शब्द मराठी वाचकाला काहीसा फसवतो. आपल्याकडे लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली की जी निवडणूक होते ती मध्यावधी. १९७१ ची, १९८० ची. अमेरिकेतील मध्यावधी निवडणूक मात्र पंचांगातल्या सणासारखी ठरलेली असते. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक-तृतीयांश जागा मतदारांपुढे येतात. अध्यक्ष स्वतः मतपत्रिकेवर नसतो. पण खटला बहुधा त्याच्याच विरुद्ध चालतो.

अध्यक्षीय वर्षातली लाट एका व्यक्तीभोवती उसळते, आणि पुष्कळदा काँग्रेसच्या दाराशीच थबकते. १९७२ साली निक्सनने ४९ राज्ये जिंकली. त्याच दिवशी त्याच्या रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात अवघ्या डझनभर जागांचा लाभ झाला, आणि दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडेच राहिली. आपल्या १९८४ च्या लाटेशी ताडून पाहावे : तेथे नेता आणि सभागृह एकाच मतात वाहून आले होते. अमेरिकन मतदाराच्या हाती ही दोन मते वेगळी असतात.

अँगस कॅम्पबेल या अभ्यासकाने १९६० साली भरती-ओहोटीचा सिद्धांत मांडला. अध्यक्षीय निवडणुकीच्या उत्साहात एरवी उदासीन असणारे मतदार बाहेर पडतात. दोन वर्षांनी ते घरी बसतात, आणि अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा घटतात. उपपत्ती देखणी आहे, पण आमच्या मते अपुरी. १९९२ साली क्लिंटन निवडून आले तेव्हा त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील जागा गमावल्याच होत्या. भरतीच नव्हती. तरीही १९९४ मध्ये आणखी ५४ जागा गेल्या आणि चाळीस वर्षांची सत्ता संपली. ही ओहोटी नव्हे, ही शिक्षा होती. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने ६३ जागा गमावल्या, त्यात मात्र दोन्हींचा अंश होता. रागावलेला माणूस मतदानाला जातो, संतुष्ट माणूस आळसावतो. मतदान कमी असते तेव्हा रागाचे वजन वाढते. (२०१४ मध्ये पात्र मतदारांपैकी चाळीस टक्केही फिरकले नाहीत.)

सिनेटचे गणित आणखी विचित्र. कोणता एक-तृतीयांश भाग पणाला लागला आहे, यावर सारे अवलंबून. २०१८ साली डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात सुमारे ४० जागा मिळवल्या आणि सिनेटमध्ये दोन गमावल्या, कारण तेथे २००६ आणि २०१२ च्या अनुकूल वाऱ्यांत मिळवलेल्या जागाच त्यांना राखायच्या होत्या.

मध्यावधी लाटेला कौल समजण्याची चूक विजेते वारंवार करतात. १९४६ मध्ये रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहे जिंकली तेव्हा ट्रुमन संपले, असे मानले गेले. दोनच वर्षांनी त्यांनी त्याच काँग्रेसच्या निष्क्रियतेला लक्ष्य करून देशभर आगगाडीतून प्रचार केला. ते निवडून आले, आणि दोन्ही सभागृहेही त्यांच्या पक्षाकडे परतली.