परगावी निवारा : बडोदे, परळ आणि राजगृह

उदरनिर्वाहासाठी परमुलखात जाणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. नोकरीचा हुकूम हाती असतो, पगाराचा आकडा ठरलेला असतो. परंतु रात्री पाठ कोठे टेकावयाची हे ठरलेले नसते. सामान्य माणूस भाडे, पाणी, कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि मुलांची शाळा यांचा हिशेब मांडून हा प्रश्न सोडवितो. अस्पृश्य लेखल्या गेलेल्या समाजाला मात्र या हिशेबाच्या आधी दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले : आपल्याला घेईल कोण? आपल्या चळवळीतील परिषदा, सत्याग्रह आणि करार यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. निवाऱ्याचा इतिहास मात्र विखुरलेला राहिला. तो एका सूत्रात पाहण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

संघाची व्यवस्था

वसतिस्थान कसे निवडावे याविषयी बौद्ध परंपरा मूक नाही. योग्य प्रदेशात वास्तव्य करणे हे मंगलसुत्तात उत्तम मंगलांपैकी एक मानले आहे. विनयपिटकात तर या निवडीचे निकषच आढळतात. तथागत राजगृहात आले तेव्हा त्यांच्या निवासासाठी जागा ठरविताना बिंबिसार राजाने जो विचार केला तो आजही वाचण्यासारखा आहे. जागा नगरापासून फार दूर नको आणि फार जवळही नको. जाण्यायेण्यास सोयीची हवी. ज्यांना भेटावयाचे आहे त्यांना तेथे पोहोचता आले पाहिजे. दिवसा गर्दी व रात्री गोंगाट नसावा. या कसोटीस उतरले म्हणून त्याने वेळुवन संघाला दान दिले. पुढे श्रावस्तीत अनाथपिंडिकाने हेच निकष लावून जेत राजकुमाराचे उद्यान निवडले.

दुसरी नोंद याहूनही महत्त्वाची आहे. राजगृहात येणाऱ्या आगंतुक भिक्खूंना निवास नेमून देण्याचे काम संघाने दब्ब मल्लपुत्त या भिक्खूकडे सोपविले होते. पालीत या पदाला ‘सेनासनपञ्ञापक’ म्हणतात. दब्ब हा समान अभ्यास करणाऱ्यांची सोय एके ठिकाणी करी. सुत्तांचे पठण करणारे एकत्र, विनयाचा विचार करणारे एकत्र, ध्यानात रमणारे एकत्र. रात्री अवेळी येणाऱ्यांनाही तो जागा दाखवी. आसन व निवास यांचा अग्रक्रम उपसंपदेच्या ज्येष्ठतेवरून ठरे, जन्मावरून नव्हे. शाक्य राजकुमारांच्या आधी उपाली या न्हाव्याला उपसंपदा मिळाली. त्यामुळे त्या राजकुमारांनी त्याला वंदन करावे हे क्रमप्राप्त झाले.

या दोन नोंदींतून दोन तत्त्वे निघतात. जागा माणसाच्या कार्याच्या दृष्टीने पारखावी, हे पहिले. नवागताच्या निवाऱ्याची जबाबदारी एकट्या नवागताची नसून त्याला सामावून घेणाऱ्या समुदायाचीही आहे, हे दुसरे. वर्णव्यवस्थेच्या समाजाने या दोन्ही तत्त्वांचा कसा इन्कार केला, हे पाहण्यासाठी १९१७ सालच्या बडोद्याकडे वळले पाहिजे.

बडोदे, १९१७

सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासमवेत ते राहिले. त्यांना तेथे कोणी जात विचारली नाही. शिष्यवृत्तीच्या करारानुसार शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची होती. त्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास निघाले.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसली गेली होती. बडोद्याला पोहोचताच ‘जावे कोठे’ या एका प्रश्नाने ती परत आली. हिंदूंच्या खाणावळी त्यांना घेणार नव्हत्या. जात लपवून तेथे शिरणे धोक्याचे होते. बडोद्यातील काही मित्र अमेरिकेत त्यांच्याबरोबर शिकले होते; परंतु ते आपल्या घरात घेतील याचीही खात्री नव्हती. अखेर त्यांनी पारशी धर्मशाळा गाठली. ती केवळ पारशांसाठी होती. पैशाची गरज असलेल्या व्यवस्थापकाने वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांना ठेवून घेतले. जेवणखाणासह रोज दीड रुपया ठरला. एदलजी सोराबजी या नावाने मोडकळीस आलेल्या त्या वास्तूच्या माडीवर बाबासाहेब राहू लागले.

सरकारी बंगल्यासाठी त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी त्यांच्या खोलीसमोर येऊन ठाकले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे वचन घेऊनच ते गेले. बाबासाहेबांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राचे दार ठोठावले. दोघांनीही असमर्थता दर्शविली. मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढला. त्या बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तेथे हजारो अनुयायी जमतात.

या घटनेकडे केवळ अपमानाचा प्रसंग म्हणून पाहणे अपुरे आहे. बाबासाहेबांजवळ विद्या होती, पद होते, भाडे देण्याइतके पैसे होते आणि खुद्द राजाचा आश्रय होता. एवढे असूनही खोली नव्हती. आणि खोली नाही म्हणून नोकरीही टिकली नाही. उपजीविकेचे स्वातंत्र्य निवाऱ्याच्या स्वातंत्र्याशिवाय पोकळ ठरते, हा या घटनेचा अर्थ आहे. दुसरा धडाही तितकाच कठोर आहे. उसन्या नावावर मिळालेला निवारा अकरा दिवस टिकला. नाव लपवून डोक्यावर छप्पर मिळू शकते. घर मिळत नाही.

परळची चाळ

बडोद्याहून बाबासाहेब परतले ते परळला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष ठेवून कुटुंबासह मुंबईत आले होते. प्रथम डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. नंतर कुटुंब पोयबावडी येथील बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मधील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत आले. परदेशातील वास्तव्य सोडल्यास १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड येथेच होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर त्यांना दरमहा ४५० रुपये पगार मिळू लागला. तरीही त्यांनी चाळ सोडली नाही.

या चाळी प्लेगच्या साथीनंतरच्या काळातील आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, अशी त्यांची रचना होती.

कोकणातून व घाटावरून येणारा आपला माणूस या खोल्यांत आला तो बहुधा गाववाल्याचा वा नातलगाचा हात धरून. एका खोलीत एका गावचे अनेक जण वळकट्या टाकून राहत. रात्रपाळीचा कामावर गेला की दिवसपाळीचा त्याच्या जागी झोपे. एखादी आई-मावशी सर्वांचे जेवण रांधी. गिरणीतही त्यांची वाट अडविलेली होती. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. अधिक वेतन तर त्याच खात्यात होते. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कमी वेतन म्हणजे दाटीची खोली, आणि दाटीची खोली म्हणजे आपल्याच लोकांचा शेजार, अशी ही साखळी होती.

हा शेजार निवडीतून आलेला नव्हता. तरीही समाजाने त्याचे बळ बनविले. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या चाळीपासून थोड्या अंतरावर होते. सभा भरवावयाची, वर्गणी गोळा करावयाची, महाडला माणसे न्यावयाची, तर निरोप चाळीच्या जिन्यावरून तासाभरात सर्वत्र जाई. गावकुसाबाहेरचा एकाकी महारवाडा शहरात हजारोंची वस्ती झाला आणि त्या वस्तीला आवाज आला.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. चाळींतही आपल्या इमारती आणि सवर्णांच्या इमारती अशी विभागणी रूढ झाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली आणि १० जानेवारीच्या मोर्चात दलित पँथरचे भागवत जाधव यांचा बळी गेला. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. एकत्र वस्ती संरक्षण देते, तशीच ती लक्ष्यही ठरते.

दादरचे राजगृह

या पार्श्वभूमीवर दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या वास्तूचा विचार केला पाहिजे. १९३० च्या दशकाच्या आरंभी उभारलेली ही वास्तू बाबासाहेबांच्या जीवनातील पहिली खऱ्या अर्थाने स्वतः निवडलेली जागा म्हणता येईल. ती प्रामुख्याने ग्रंथांसाठी बांधली गेली. सवर्ण मध्यमवर्गाच्या वसाहतीत, स्वतःच्या नावाने, बाबासाहेबांनी हे घर केले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव तिला देताना, धर्मांतराची घोषणा होण्यापूर्वीच, त्यांचे मन कोणत्या इतिहासाकडे वळले होते हेही दिसते.

बिंबिसाराचे निकष येथे लावून पाहावेत. रेल्वे स्थानक जवळ, जाण्यायेण्याची सोय, अभ्यासाला शांतता, आणि परळ-नायगावच्या कामगाराला पायी चालत येता येईल एवढे अंतर. बाबासाहेब चाळीतून बाहेर पडले, परंतु चाळीतील माणसांपासून दूर गेले नाहीत. ७ डिसेंबर १९५६ रोजी लाखोंचा समुदाय याच घरापासून त्यांची अंत्ययात्रा घेऊन निघाला.

मागणी आणि कायदा

एका माणसाने घर बांधले म्हणून समाजाचा प्रश्न सुटत नाही, हे बाबासाहेब जाणून होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी पडीक सरकारी जमिनीवर अशा वसाहती वसविण्यासाठी आयोग नेमण्याची योजना मांडली. कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार संपूर्ण समाजाला मिळावा, असा तिचा आशय होता. ती योजना संविधानात आली नाही. परंतु भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. रेल्वे, पोस्ट, संरक्षण कारखाने यांच्या सरकारी वसाहतींत जागा हुद्द्यानुसार मिळू लागली. आपल्या अनेक कुटुंबांना सवर्णांच्या भिंतीला भिंत लावून राहण्याचा पहिला अनुभव तेथेच आला.

खाजगी घरांचे दार मात्र कायद्याने पुरते उघडले नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व एका धर्मसमुदायापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध मानला. २०१५ साली डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दलित व मुस्लिम नावाने विचारणा करणाऱ्यांना सवर्ण नावांच्या तुलनेत अधिक नकार मिळतात किंवा जाचक अटी घातल्या जातात, असे त्यातून दिसून आले. आता लाठ्या घेऊन कोणी येत नाही. ‘खोली कालच गेली’ एवढे सांगितले की काम भागते.

आजचे कर्तव्य

आज आपली मुले-मुली पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरीसाठी जातात. त्यांपैकी काही जण आडनाव सांगताना अडखळतात, काही जण भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावण्याचे टाळतात. त्यांना भेकड ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. परगावी एकट्या पडलेल्या माणसाला छप्पर हवेच असते. प्रश्न असा आहे की, त्यांना एकटे का पडू द्यावे?

प्रत्येक मोठ्या शहरात आज विहारे आहेत. त्या विहारांनी दब्ब मल्लपुत्ताचे काम पत्करावे, असे आमचे नम्र निवेदन आहे. त्यासाठी मोठा निधी लागणार नाही. जात न विचारता खोली देणाऱ्या घरमालकांची, वसतिगृहांची व आपल्या भाडेकरूंची नोंदवही ठेवावी. स्थानकावर उतरणाऱ्या नवागताला पहिले काही दिवस टेकावयास एक खोली राखावी. नकार मिळाल्यास तक्रार कशी व कोठे करावयाची हे सांगणारा एखादा वकील जोडून घ्यावा. नवागताला केवळ आपल्याच वस्तीत ठेवण्याचा आग्रह नसावा. त्याच्या कामाला, अभ्यासाला आणि मुलांच्या शाळेला जे ठिकाण योग्य असेल तेथे, स्वतःच्या नावाने राहण्याचे बळ त्याला मिळावे, एवढाच हेतू असावा.

बडोद्यात १९१७ साली असे एक दार उघडे असते, तर बाबासाहेबांना नाव बदलून वहीत सही करावी लागली नसती. तसे दार आज प्रत्येक शहरात उघडे ठेवणे आपल्या हाती आहे.