अंगावरचे दूध, डबा आणि ऑफिसचे घड्याळ

बाळाला अंगावर पाजायचे की डब्याची पावडर द्यायची, हा वाद आपल्याकडे आईच्या माथी मारला जातो. पण अमिरातीतल्या कायद्यांचा इतिहास पाहिला, तर पुष्कळदा हा निर्णय घड्याळच घेते असे दिसते.

इथल्या १९८० च्या कामगार कायद्यात बाळंतपणाची रजा ४५ दिवसांची होती. पुढे १८ महिने पाजण्यासाठी रोज अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सुट्या मिळत. भारताच्या १९६१ च्या कायद्यात रजा १२ आठवड्यांची, आणि अशा सुट्या बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत.

कुराणात स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. जानेवारी २०१४ मध्ये इथल्या फेडरल नॅशनल कौन्सिलने बालहक्क विधेयकात आईवर तेवढेच बंधन घालणारे कलम मंजूर केले. मात्र खासगी नोकऱ्यांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात रजा ६० दिवस झाली, तर पाजण्याची सवलत १८ महिन्यांवरून सहावर आली. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात.

बाळ शारजात आणि ऑफिस दुबईत असेल, तर अर्ध्या तासात गर्दीतून घरसुद्धा गाठता येत नाही. म्हणून डबा दिसला की सुनेला बोल लावण्याआधी, तिला रजा किती मिळाली होती ते विचारावे.